अंगावरून पांढरं जाणं : बिघडतं कुठे?

सर्दी-खोकला झाला, की हॉस्टेलवर उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सर्रास एकमेकींना दिल्या जातात. पुढे कुणाला खाज, जळजळ आणि दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव सुरू होतो. असं का बरं होत असेल?

कॅन्डिडा नावाचं यीस्ट अनेक निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गात निमूटपणे राहत असतं. तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू त्याला आवर घालतात. अँटिबायोटिकने हे जंतू मरतात, यीस्टला मात्र काही होत नाही. मग गोल यीस्टला तंतू फुटतात आणि ते कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतं. (हे कळलं २०१६ मध्ये.) अस्तरातल्या पेशी धोक्याचा निरोप धाडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, पण यीस्टला नीट मारू शकत नाहीत. खाज-सूज बरीचशी या धावपळीचीच! म्हणजे प्रतिकारशक्ती कमीच पडली असं नव्हे. मधुमेहात आणि गरोदरपणातही हा त्रास वाढतो.

यावरचं हॅमायसिन हे औषध तर आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येच शोधलं गेलं. इलाज आहे, अडचण न बोलण्याची आहे. डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के!

दुसऱ्या आजारांतही अशीच लक्षणं दिसतात. तेव्हा मैत्रिणीचं मलम नको, डॉक्टरांनाच दाखवा. आणि उरलेल्या गोळ्या वाटू नका, बरं का!