मोठी गाडी नेमकी कधी घ्यावी?

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात नोकरीला असलेल्या मराठी घरांत हा विषय बहुधा दुसऱ्या मुलानंतर निघतो. मागे दोन चाइल्ड सीट बसवल्या की मधे आजीला नीट बसता येत नाही. असे रोज होत असेल, तर मोठी गाडी घ्यायची वेळ आली. फक्त दिवाळीला बेळगाव-कोल्हापूर गाठायचे असेल, तर भाड्याची गाडी परवडते.

तिसऱ्या रांगेवर भुलू नका. सगळ्या सीट उघडल्यावर सामानाला मारुतीच्या एर्टिगात २०९ लिटर जागा उरते, रेनॉच्या ट्रायबरमध्ये अवघी ८४. शोरूममध्ये जाताना घरची बॅग आणि चाइल्ड सीट सोबत न्या, आणि आजोबांना मागच्या रांगेत चढून-उतरून बघू द्या.

कराचा फरकही मोठा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के. मोठ्या गाडीवर ४०. कर्नाटकात किंमत १० लाखांपुढे गेली की रस्ता कर १४ वरून १७ टक्के होतो.

एकट्याने कामावर जाण्यासाठी मात्र मोठी गाडी घेऊच नये. पीण्यात २०१४ पासून मेट्रो आहे.