यकृतातला स्टँडबाय पंप

पंपहाउसमध्ये एक पंप चालू आणि एक स्टँडबाय असतो ना? आपल्या यकृताचंही तसंच आहे.

जेवणातल्या प्रथिनांतून मेथिओनिन हे अमिनो आम्ल मिळतं. त्यातला मिथाइल गट शरीर डीएनएसारख्या रेणूंना जोडतं आणि मागे उरतं होमोसिस्टीन. ते रक्तात फार साठलं तर गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. म्हणून त्याला पुन्हा मिथाइल गट जोडून मेथिओनिन करावं लागतं.

यातला मुख्य पंप म्हणजे मेथिओनिन सिंथेज. त्याला फोलेट आणि बी-१२ लागतं. स्टँडबाय म्हणजे बीएचएमटी हे एन्झाइम. ते बी-१२ शिवाय चालतं. त्याला हवं जस्त आणि बीटेन. बीटेन पालकात असतं, गव्हात असतं, म्हणजे मेसच्या पोळीतही!

पण अभ्यासाला माणसाचं यकृत कोण देणार? म्हणून या एन्झाइमचं मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत घालतात. जिवाणू वाढतात आणि एन्झाइम बनवून देतात. यालाच रिकॉम्बिनंट म्हणायचं. अशाच एन्झाइमचे स्फटिक करून २००२ साली त्याची रचना उलगडली.

आता खरी मेख. हा स्टँडबाय मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात असतो, मेंदूत नाही. तिथे सगळी मदार बी-१२ वर, आणि भाज्या-डाळींत ते जवळजवळ नसतंच. तेव्हा शाकाहारी मंडळींनो, दूध-दही टाळू नका. हातापायांना सारख्या मुंग्या येत असतील, तर ‘सबमिशनचं टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या.