ब्राउझर सारखा बंद पडतो?

मुलीचा अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसावं, कॉलेजांचा पसंतीक्रम निम्मा लिहून व्हावा आणि क्रोमची खिडकी फट्‌कन मिटावी! मुलुंडला आमच्या घरी सलग दोन दिवस हेच. दुरुस्तीवाला म्हणाला, "वहिनी, फॉरमॅट मारावं लागेल." मैत्रिणींनो, लगेच हो म्हणू नका. त्यात सी ड्राइव्हवरचे मुलांचे लहानपणचे फोटो पुसले जातात, आणि बिघाड बहुधा तिथे नसतोच.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकदम दाबा. 'इन्कॉग्निटो' नावाची काळी खिडकी उघडेल. तिच्यात एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला मागाहून जोडलेल्या सोयी, सहसा बंद असतात. इथे काम सुरळीत चाललं, तर संशय त्यांच्यावरच घ्या. मग नेहमीच्या खिडकीत उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करून 'एक्स्टेन्शन्स' उघडा आणि एकेक बंद करून पाहा. आमच्याकडे खरेदीची कूपनं शोधून देणारं एक निघालं. ते घेतलं कुणी, हे मात्र घरात कुणी कबूल करीना!

तरीही बंद पडतोय? शिफ्ट आणि एस्केप दाबा. कोणतं पान किती मेमरी खातंय ते दिसेल. अर्जाच्या वेळी बाकीची पानं मिटलेली बरी.

संगणकात विंडोज ७ असेल तर गोष्ट वेगळी. जानेवारी २०२३ मधल्या १०९ क्रमांकाच्या क्रोमनंतरचं क्रोम त्यावर चालतच नाही. तिथे विंडोजच बदलावी लागते. पण त्याआधी फोटो पेनड्राइव्हवर घ्या, आणि ते उघडतात ना, हेही पाहून घ्या.