बंदूक जुनी झाली म्हणून परवाना सुटत नाही

वाशिम जिल्ह्यात जुन्या शिकारी बंदुकांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : "आज्याची बंदूक हाये, शंभर वर्सं झाली तिले. आता तिले कायचं लायसन?" बोलणारा अडाणी नसतो. बहुतेक वेळा तो शिकलेला, गावात मान असलेला माणूस असतो आणि त्याचे ऐकून आणखी चार घरांत तीच समजूत रुजते. रिसोड-मालेगावपासून कारंजा-मानोऱ्यापर्यंतच्या जुन्या घरांत अजून बारा बोर, ठासणीच्या बंदुका, क्वचित एखादी विलायती रायफल निघते. ती बाळगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, म्हणूनच ही समजूत ऐकली की चीड येते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद, शिवाय दंड अशी आहे. 'माहीत नव्हते' हा बचाव तिथे चालत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी नीट पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम ४५ (क) जुन्या शस्त्रांना सूट देते, हे खरे. सांगणारे इथवर सांगतात आणि थांबतात. त्याच कलमातली पुढची अट अशी : शस्त्र कालबाह्य पद्धतीचे, पुरातन मोलाचे किंवा नादुरुस्त असले, तरी ते दुरुस्ती करून किंवा दुरुस्तीशिवाय अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसले पाहिजे. दुरुस्ती करूनही! म्हणजे घोडा तुटलेला आहे, स्प्रिंग गेली आहे, नळीत गंज आहे, एवढ्याने काही होत नाही. कारागिराने भाग बदलून ती उडत असेल तर ती बंदूकच आहे आणि तिला परवाना हवा. शंभर वर्षे हा शब्दप्रयोग त्या कलमात कुठेही नाही.

मग शंभरचा आकडा आला कुठून? तो पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ मधला आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते, असे तो कायदा सांगतो. त्याचा विषय प्राचीन वस्तूंची नोंदणी, व्यापार आणि परदेशी निर्यात हा आहे. शस्त्र परवान्यातून मुक्ती देण्याचे काम त्याचे नव्हे. दुसरी भर इंटरनेटने घातली. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९९ पूर्वी बनलेल्या बंदुकांना 'अँटिक' म्हणून सूट आहे. तिथले व्हिडिओ पाहून इथले लोक तोच नियम आपल्या वाड्यातल्या बंदुकीला लावतात. अमेरिकेचा कायदा वाशिमच्या पोलीस ठाण्यात चालणार नाही, हे वेगळे सांगायला लागू नये.

जुन्या घरांत निघणाऱ्या विलायती रायफलींपैकी सेमी-ऑटोमॅटिक शिकारी रायफलींचे तर आणखी सोपे आहे : त्या अमेरिकी नियमातही बसत नाहीत. या जातीच्या पहिल्या यशस्वी रायफली विसाव्या शतकातल्या आहेत. विंचेस्टरची छोट्या बोअरची रायफल १९०३ ची. जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरची रेमिंग्टन मॉडेल ८ ही १९०६ पासून १९३६ पर्यंत बनली. विंचेस्टर मॉडेल १९०७ चे नाव ऐकून लोकांना ती १९०७ मध्येच घडली असे वाटते, पण तिचे उत्पादन १९५० च्या दशकापर्यंत चालू होते. नावातले साल मॉडेलचे असते. हातातली बंदूक कधी बनली हे तिच्यावरच्या क्रमांकावरून शोधावे लागते.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी, कारण तिचाही चुकीचा अर्थ काढला जातो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने नियम बदलले. 'कुरिओ' म्हणजे संग्राह्य जुन्या वस्तू या वर्गातली लहान शस्त्रे मिळवायला आणि जवळ ठेवायला भारतीय नागरिकाला परवान्याची गरज राहिली नाही. मात्र त्याच अधिसूचनेप्रमाणे अशी वस्तू वापरायला, सोबत बाळगून न्यायला किंवा वाहतूक करायला परवाना लागतो आणि परवान्यावर नोंद नसेल तर तिची काडतुसे विकत मिळत नाहीत. आपल्या घरातली रायफल कुरिओ आहे, हा निकाल आपणच द्यायचा नसतो. उडू शकणारी रायफल भिंतीवर टांगून तिला कुरिओ म्हणणाऱ्याने आधी परवाना प्राधिकाऱ्याकडून तसे लेखी घ्यावे.

आता वारसाबद्दल. परवाना माणसाला मिळतो, बंदुकीला नाही. आजोबांचा सातबारा फेरफार झाल्याशिवाय नातवाच्या नावावर येत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. बंदुकीलाही तेच लागू आहे. परवानाधारक गेला की घरात राहिलेले शस्त्र विनापरवाना होते. कलम २१ प्रमाणे ते अनावश्यक विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. धारक हयात असतानाही, त्याने वयाची सत्तरी गाठल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, ते वारसाकडे जाऊ शकते. त्यामुळे वडील सत्तरीत असतील तर वाट पाहत बसू नका. वारसाचे वय किमान २१ हवे. आणि वारशातूनही एका माणसाकडे दोनपेक्षा जास्त अग्निशस्त्रे राहू शकत नाहीत. पूर्वी ही मर्यादा तीन होती, २०१९ मध्ये ती दोनवर आली.

वाशिमकरांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. त्याआधीचा परवाना अकोल्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या शिक्क्याचा असणार, तेव्हा मूळ नोंद शोधताना तिकडेही विचारावे. परवान्याचे जुने पुस्तक सापडले म्हणजे परवाना चालू आहे असे होत नाही. मुदत संपलेली असेल, राष्ट्रीय नोंदीतला यूआयएन क्रमांक नसेल, तर ते केवळ कागद आहेत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज : सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन, ती सामान्य माणसाला मिळूच शकत नाही.
वस्तुस्थिती : घोडा एकदा दाबला की एकच गोळी सुटते, पुढची गोळी नळीत आपोआप चढते, एवढेच. घोडा दाबून धरल्यावर गोळ्या सुटत राहणारे शस्त्र ऑटोमॅटिक. ते निषिद्ध आहे.

गैरसमज : मग बारा बोरच्या परवान्यावर तीही चालेल.
वस्तुस्थिती : नाही. मोठ्या बोअरच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली नियमांत निर्बंधित वर्गात येतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. बारा बोर किंवा आयुध निर्माणीची .३१५ बोल्ट ॲक्शन रायफल यांचा मार्ग जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून जातो.

गैरसमज : पीक संरक्षणाच्या परवान्यावर हवी ती रायफल घेता येते.
वस्तुस्थिती : कलम १३ प्रमाणे पीक संरक्षणासाठी मूळ तरतूद ठासणीच्या बंदुकीची आहे. ती अपुरी पडते असे प्राधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. रायफलीचा त्यात उल्लेख नाही.

गैरसमज : रोही आणि रानडुक्कर शेतात आले की मारायला मोकळीक आहे.
वस्तुस्थिती : सोयाबीन-तुरीची नासाडी खरी आहे आणि रात्र-रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे आधी वन विभागाची परवानगी लागते. २०१५ मध्ये राज्य शासनाने त्याची पद्धत ठरवून दिली आहे. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता असते. काळवीट तर अनुसूची १ मध्ये आहे आणि कारंजा-सोहोळ अभयारण्य त्याच्यासाठीच आहे. शिकारीत दोषी ठरलेल्याचा शस्त्र परवाना न्यायालय रद्द करू शकते आणि पुढची पाच वर्षे नवा मिळत नाही. शेजारच्या यवतमाळात नोव्हेंबर २०१८ मध्ये 'अवनी' वाघिणीला सरकारी मोहिमेत गोळी घातली गेली. त्या प्रकरणातही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या पथकाने शस्त्र कायद्याच्या उल्लंघनाचा मुद्दा नोंदवला. मोहीम सरकारी असली तरी बंदूक कोणाच्या हातात आहे, हे तपासले जातेच.

गैरसमज : स्वतःच्या शेतात चार गोळ्या झाडून पाहिल्या तर बिघडले काय?
वस्तुस्थिती : .२२ ची साधी गोळीसुद्धा दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, शिकारी रायफलीची त्याहून कितीतरी लांब. आपल्या धुऱ्यापलीकडे कोणाची वस्ती आहे हे गोळीला कळत नाही. निष्काळजी किंवा लग्न-वरातीतल्या गोळीबाराने जीव धोक्यात आणल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. नेमबाजी करायची तर मान्यताप्राप्त रेंजवर.

गैरसमज : काडतूस कधी खराब होत नाही.
वस्तुस्थिती : ओलाव्यात पडलेले काडतूस उशिरा पेटू शकते. घोडा दाबूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून थांबायचे. लगेच उघडायचे नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतली क्षारयुक्त रसायने नळी गंजवतात. विंचेस्टर १९०७ ची .३५१ जातीची काडतुसे आज सहज मिळत नाहीत, आणि 'जवळपास बसते' म्हणून दुसरे काडतूस घालणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याजवळ स्फोट घडवणे.

गैरसमज : जुने पोलाद नव्यापेक्षा भक्कम.
वस्तुस्थिती : पट्ट्या पिळून बनवलेल्या दमास्कस नळ्या काळ्या दारूसाठी होत्या, आजची काडतुसे त्यांत घालू नयेत. जुन्या विंचेस्टर सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मागचा धक्का झेलणारा तंतुमय बफर असतो; तो वर्षानुवर्षांनी भुगा होतो आणि मग प्रत्येक बार थेट धातूवर आदळतो. तपासणी परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी. शस्त्र दुरुस्त करायलाही परवाना लागतो, गावच्या लोहाराकडे ते देणे हा दोघांचाही गुन्हा आहे.

गैरसमज : निवडणूक आली की प्रत्येकाने बंदूक जमा करायचीच.
वस्तुस्थिती : छाननी समिती प्रकरणे पाहून ठरवते. आदेश आल्यावर मात्र तो पाळावाच लागतो.

घरात जुने शस्त्र असेल तर या आठवड्यात चार गोष्टी करा. ते भरलेले नाही याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. परवान्याचे पुस्तक शोधून त्यावरचे नाव, मुदत आणि शस्त्राचा क्रमांक ताडून पाहा. धारक हयात नसेल तर शस्त्र हातात घेऊन ठाण्याकडे निघू नका. आधी ठाण्याला कळवा, त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करा आणि पावती घ्या. मग वारसाचा अर्ज वाशिमच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयात द्या. स्वतःहून पुढे येऊन शस्त्र जमा करणाऱ्याची बाजू नेहमीच भक्कम असते. झडतीत सापडलेल्या बंदुकीचा खुलासा करणे फार कठीण जाते. आजोबांची आठवण जपायची असेल तर ती त्यांच्या बंदुकीच्या कायदेशीर कागदांसह जपा.