प्रादेशिक विमान कंपन्यांतील नवनियुक्त वैमानिकांच्या प्रशिक्षणास होणारा विलंब : अमेरिकेच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : अमेरिकेतील प्रादेशिक विमान कंपन्यांत वैमानिकांची टंचाई असतानाच निवड झालेल्या नव्या वैमानिकांना प्रशिक्षणासाठी अनेक महिने वाट पाहावी लागल्याचे २०२१ नंतरच्या काळात दिसून आले. टंचाई आणि प्रतीक्षा या परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टी एकाच वेळी कशा संभवतात, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : प्रादेशिक विमानसेवा, सहवैमानिक, सिम्युलेटर, ज्येष्ठता, मनुष्यबळ नियोजन.

१. प्रस्तावना

अमेरिकेत लहान शहरांना मोठ्या विमानतळांशी जोडण्याचे काम मुख्यत्वे प्रादेशिक कंपन्या करतात. साधारणतः ५० ते ७६ आसनांची त्यांची विमाने बहुधा मोठ्या कंपन्यांच्या नावाने व रंगसंगतीत उडतात. वैमानिकाच्या दृष्टीने ही सेवा म्हणजे प्रायः मोठ्या कंपनीकडे जाण्याची पायरी असते. त्यामुळे या कंपन्यांत भरती आणि गळती अखंड चालू राहते. निवडपत्र हाती पडले की नोकरी लागली, असा सर्वसामान्य समज असतो. येथे मात्र निवडपत्र सशर्त असते. वेतन व ज्येष्ठता यांची सुरुवात सामान्यतः प्रशिक्षणवर्गाच्या पहिल्या दिवसापासून होते. निवड आणि तो पहिला दिवस यांमधील काळ हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२. नियमांची पार्श्वभूमी

१२ फेब्रुवारी २००९ रोजी कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ कोसळले. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, अशा ५० व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. या दुर्घटनेनंतर अमेरिकी काँग्रेसने २०१० मध्ये कायदा केला आणि त्यानुसार २०१३ पासून सहवैमानिकासाठीही सर्वोच्च श्रेणीचा परवाना व सर्वसाधारणपणे १,५०० तासांचा उड्डाणानुभव आवश्यक ठरला. तत्पूर्वी व्यावसायिक परवाना व सुमारे २५० तासांचा अनुभव एवढ्यावर सहवैमानिक होता येत असे. दुर्घटनाग्रस्त विमानाच्या दोन्ही वैमानिकांचा अनुभव १,५०० तासांहून अधिक होता, ही बाब या नियमावरील चर्चेत वारंवार मांडली जाते.

नियमात काही सवलती आहेत. सैन्यदलातील वैमानिकांस ७५० तास, तर मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची चार वर्षांची पदवी घेतलेल्यांस १,००० तास पुरतात. शिवाय ऑगस्ट २०१४ पासून परवान्याच्या लेखी परीक्षेपूर्वी ३० तासांचे वर्गाध्यापन व १० तासांचा सिम्युलेटरसदृश उपकरणांवरील सराव बंधनकारक आहे. बहुतेक उमेदवार उड्डाण शाळेत प्रशिक्षक म्हणून काम करून हे तास जमवितात.

३. प्रशिक्षणाची साखळी

कंपनीत दाखल झालेल्या वैमानिकाचे प्रशिक्षण पुढील टप्प्यांतून जाते.

(अ) वर्गाध्यापन : कंपनीच्या कार्यपद्धती, नियम व विमानाच्या यंत्रणा यांचा अभ्यास. या टप्प्यात एका वेळी अनेकांना शिकविता येते. म्हणून येथे सहसा अडथळा येत नाही.

(आ) सिम्युलेटर : येथे वैमानिकांच्या जोड्या कराव्या लागतात. जोडीदार आजारी पडला अथवा अनुत्तीर्ण झाला, तर त्याच्या आसनावर बसण्यासाठी दुसरा वैमानिक शोधावा लागतो. सिम्युलेटर यंत्रे मोजकीच असतात. नवे वैमानिक, कॅप्टनपदी बढती मिळणारे आणि ठरावीक मुदतीने उजळणीसाठी येणारे जुने वैमानिक, असे तीन गट त्याच यंत्रांवर अवलंबून असतात.

(इ) मार्गावरील अनुभव : सिम्युलेटरची परीक्षा उत्तीर्ण झालेला सहवैमानिक प्रवासी घेऊन उडू लागतो, परंतु जेट विमानावर सुमारे २५ तासांपर्यंत त्याच्या शेजारी विशेष मान्यताप्राप्त तपासनीस कॅप्टन असावा लागतो.

हा शेवटचा टप्पा सर्वांत अरुंद आहे. तो स्पष्ट होण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दरमहा २० जणांचा वर्ग सुरू होतो असे मानल्यास प्रत्येकी २५ तासांप्रमाणे दरमहा ५०० तास लागतील. एक तपासनीस कॅप्टन महिन्यास ८० तास उडतो असे धरले, तर किमान सात तपासनीस हवेत. त्यांपैकी तिघे नोकरी सोडून गेले, तर उरलेल्या चौघांकडून ३२० तास, म्हणजे १२ जणांचेच काम होईल. दरमहा आठ जण मागे राहतील आणि तीन महिन्यांत ही संख्या २४ होईल. अशा वेळी नवा वर्ग पुढे ढकलणे हाच मार्ग कंपनीपुढे उरतो.

४. टंचाईतून निर्माण होणारी प्रतीक्षा

तपासनीस व प्रशिक्षक हे कंपनीतील अनुभवी कॅप्टनांमधूनच निवडले जातात, आणि मोठ्या कंपन्यांना सर्वप्रथम हवे असतात तेही हेच कॅप्टन. २०२० मध्ये कोविडच्या महासाथीमुळे प्रवासी वाहतूक कोसळली, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी हजारो वैमानिकांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. वाहतूक पूर्ववत होताच २०२१ पासून त्यांनी प्रचंड प्रमाणावर भरती सुरू केली आणि प्रादेशिक कंपन्यांतील कॅप्टन झपाट्याने बाहेर पडले. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्ट या कंपनीने वैमानिकांच्या अभावी २९ लहान शहरांची अनुदानित सेवा थांबविण्याची सूचना शासनास दिली.

जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमाँट, एन्व्हॉय व पीएसए या प्रादेशिक कंपन्यांनी वेतनात मोठी वाढ केली. अशा वाढीमुळे अर्जदार वाढतात. परंतु तपासनीस कॅप्टन वेतनवाढीने एका दिवसात घडत नाही.

येथे एक दुष्टचक्र संभवते. कॅप्टन होण्यासाठी सहवैमानिकास नियमानुसार विमान कंपनीच्या सेवेतील १,००० तासांचा अनुभव सर्वसाधारणपणे लागतो. प्रत्येक उड्डाणास एक कॅप्टन व एक सहवैमानिक असतो. कॅप्टन कमी म्हणजे उड्डाणे कमी. उड्डाणे कमी म्हणजे प्रत्येक सहवैमानिकाच्या वाट्याला येणारे तास कमी. आणि तास कमी म्हणजे नवे कॅप्टन घडण्यास विलंब. त्यातच नव्या वैमानिकाने पात्रता मिळाल्यापासून १२० दिवसांत १०० तास उडणे अपेक्षित असते. मर्यादित मुदतवाढीनंतरही ते न जमल्यास त्याला उजळणीसाठी पुन्हा सिम्युलेटरकडे पाठवावे लागते आणि आधीच अपुऱ्या साधनांवरील भार आणखी वाढतो.

५. प्रवाह थांबल्यावरची प्रतीक्षा

मोठ्या कंपन्यांची भरती मंदावली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. बोइंगकडून विमाने मिळण्यास उशीर झाल्यामुळे युनायटेड एअरलाइन्सने मे व जून २०२४ मध्ये नव्या वैमानिकांची भरती स्थगित केली. अशा वेळी प्रादेशिक कंपन्यांतील कॅप्टन जागीच राहतात, सहवैमानिकांच्या जागा रिकाम्या होत नाहीत आणि निवड झालेल्यांची रांग पुन्हा थांबते. पहिल्या प्रकारात शिकविणारे नाहीत म्हणून विलंब होतो. दुसऱ्या प्रकारात जागा नाहीत म्हणून. उमेदवाराला मात्र दोन्ही वेळी एकच उत्तर मिळते : वर्गाची तारीख नंतर कळविण्यात येईल.

६. विलंबाचे परिणाम

पहिला परिणाम कौशल्यावर होतो. केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याचे कौशल्य सरावाअभावी लवकर मंदावते; त्यासाठीच सहा महिन्यांत किमान सहा उपकरणाधारित अवतरणमार्गांचा सराव झालेला असावा, असा नियम आहे. दीर्घ प्रतीक्षेनंतर आलेला उमेदवार सिम्युलेटरमध्ये अडखळण्याची शक्यता वाढते. दुसरा परिणाम ज्येष्ठतेवर होतो. वैमानिकाचे वेळापत्रक, सुट्ट्या, विमानाचा प्रकार, बढती व मंदीच्या काळातील कपात हे सारे ज्येष्ठता क्रमांकावर ठरते. वर्ग काही महिने पुढे गेला, तर त्याची झळ संपूर्ण कारकिर्दीत जाणवू शकते. तिसरा परिणाम आर्थिक आहे. प्रशिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते वर्गाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रशिक्षणातील विलंब हा प्रामुख्याने उमेदवारांच्या संख्येचा प्रश्न नसून शिकविणाऱ्यांच्या संख्येचा व स्थैर्याचा प्रश्न आहे. भरतीची जाहिरात वाढविण्यापेक्षा अनुभवी कॅप्टनांना प्रशिक्षक म्हणून टिकवून धरणे, सिम्युलेटरची उपलब्धता पाहूनच निवडपत्रे देणे आणि प्रतीक्षेतील उमेदवारांच्या सरावाची सोय करणे, हे उपाय अधिक मूलगामी ठरतील. निवडपत्र देताना संभाव्य प्रतीक्षेची स्पष्ट कल्पना देणे तर कोणत्याही खर्चाविना शक्य आहे.

हा अनुभव विमानचालनापुरता मर्यादित नाही. ज्या व्यवसायात नवोदिताला अनुभवी व्यक्तीच्या शेजारी बसूनच शिकावे लागते, तेथे अनुभवी व्यक्ती निघून गेली की केवळ एक जागा रिकामी होत नाही. तिच्या हाताखाली घडू शकणाऱ्या अनेकांची वाटही अडते. मनुष्यबळाचे नियोजन करताना, आणि अध्यापकांच्या जागांचा विचार करतानाही, हे सूत्र ध्यानात ठेवणे उचित ठरेल.