जुन्या मोटारीच्या सुट्या भागांचे जतन

जुन्या मोटारीच्या सुट्या भागांचे जतन म्हणजे मोटार मोडीत काढण्यापूर्वी तिच्यातील पुन्हा वापरता येण्याजोगे भाग निवडून काढणे व सांभाळून ठेवणे. भंगारात मोटारीचे मोल मुख्यतः धातूच्या वजनावर ठरते. सुट्या भागाचे मोल मात्र तो अन्यत्र मिळतो की नाही यावर अवलंबून असते. त्यामुळे वजनाने क्षुल्लक असलेली दिव्याची काच इंजिनापेक्षाही मोलाची ठरू शकते. महाराष्ट्रात हा प्रश्न विशेषतः फियाट ११०० व तिच्यापासून विकसित झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारींबाबत उद्भवतो.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याखाली मोटारी तयार होत. १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट ही मोटार पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. तिला १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन होते. तिचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती; टॅक्सींसाठीची २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी शहराच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. उत्पादन बंद असल्याने उरलेल्या खासगी मोटारींच्या दुरुस्तीसाठी मोडीत निघणाऱ्या मोटारी हा सुट्या भागांचा एक महत्त्वाचा स्रोत आहे.

मोडण्यापूर्वीचा निर्णय

भाग निवडण्याआधी संपूर्ण मोटार वाचवता येईल का, हे तपासले जाते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात असलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे बदल झालेले वाहन या नोंदणीस पात्र ठरत नाही. १९७४ मध्ये नोंदलेल्या पद्मिनीने २०२४ मध्ये ही वयोमर्यादा गाठली. त्यामुळे सुस्थितीतील जुनी मोटार घाईने सुटी केल्यास ही संधी कायमची जाते.

निवडीचे निकष

भागाची निवड तीन प्रश्नांवर आधारित असते: तो नवा मिळतो का, त्याची झीज दुरुस्त करता येते का, आणि मोटारीची ओळख त्यावर अवलंबून आहे का. त्यानुसार भागांचे पुढीलप्रमाणे गट पडतात.

• ओळख सांगणारे भाग: पुढची जाळी, क्रोमचा मुलामा दिलेले बंपर, चाकांच्या टोप्या, नाममुद्रा, मापकांचे फलक, दारांच्या कड्या, दिव्यांच्या काचा व चौकटी. यांची हुबेहूब नक्कल करणे कठीण असते. म्हणून ते प्रथम काढले जातात.
• काचा: पुढची व मागची वक्र काच ठरावीक आकाराच्या साच्यावर घडवलेली असते. ती अखंड असल्यास अवश्य जपली जाते. दारांच्या सपाट काचा मात्र कापून नव्याने बनवता येतात.
• यांत्रिक भाग: गिअरबॉक्स, डिफरन्शियल, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेली गिअर बदलण्याची यंत्रणा, कार्बोरेटर, डेल्को व स्टार्टर. यांतील बेअरिंग किंवा पॅकिंग बदलता येते, परंतु मूळ ओतीव भाग नव्याने घडवणे खर्चिक असते. टॅक्सी म्हणून चाललेल्या मोटारीचे इंजिन बहुधा अधिक झिजलेले असते. तिचे बाहेरचे भाग तुलनेने उपयोगी पडतात.
• पत्र्याचे भाग: बोनेट, डिकीचे झाकण, दारे व मडगार्ड. गंज वरवरचा असेल तरच हे ठेवण्यात अर्थ असतो.

टायर, रबरी बीडिंग, ब्रेकचे होस पाइप, ब्रेक लायनर व जुनी वायरिंग हे भाग काळाबरोबर निकामी होतात व त्यांच्यावर सुरक्षितता अवलंबून असते. त्यामुळे ते पुन्हा वापरले जात नाहीत. मात्र मूळ बीडिंग नव्या बीडिंगसाठी नमुना म्हणून ठेवता येते.

कोकणातील परिस्थिती

हवामानामुळे निवडीचा क्रम बदलतो. रत्नागिरी शहरालगतचे मिरजोळे हे औद्योगिक वसाहत असलेले गाव समुद्रापासून जवळ आहे. या परिसरात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व हवेत क्षारांचे प्रमाण जास्त असते. अशा ठिकाणी उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीचा तळपत्रा, दारांच्या खालच्या कडा व दारांखालची पोकळ पट्टी आधी गंजते. पद्मिनीला वेगळी चासी नसून सांगाडा व तळ एकसंध आहेत. त्यामुळे हा गंज केवळ दिसण्याचा प्रश्न न राहता मोटारीच्या मजबुतीचा ठरतो. याउलट गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांतील दातेरी चाके तेलात असल्याने, आत पाणी शिरले नसेल तर, टिकून राहतात. म्हणून किनारपट्टीवरील मोटारीतून प्रामुख्याने यांत्रिक भाग, काचा व पितळी भाग मिळतात, तर देशावरील कोरड्या हवेतल्या मोटारीतून चांगला पत्रा मिळण्याची शक्यता अधिक असते.

काढणी व साठवण

प्रथम बॅटरी सोडवून पेट्रोल, इंजिन तेल व ब्रेक तेल स्वतंत्र भांड्यांत काढले जाते. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरत असल्याने तिच्याजवळ गॅस कटर वापरणे धोक्याचे असते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्यांची धूळ हवेच्या झोताने उडवू नये. भाग सुटे करताना छायाचित्रे घेतली जातात आणि नट-बोल्ट त्या त्या भागासोबत चिठ्ठी लावून ठेवले जातात. धातूच्या उघड्या पृष्ठभागांना ग्रीस किंवा तेल लावून ते जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवले जातात. काचा आडव्या न रचता उभ्या ठेवल्या जातात.

कायदेशीर बाबी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाल्यास किंवा कायमचे निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकरणास कळवणे आवश्यक असते. २०२१ च्या वाहन मोडणी केंद्रांविषयीच्या नियमांनुसार नोंदणीकृत केंद्र वाहन स्वीकारल्यावर मालकाला ठेव प्रमाणपत्र देते. इंजिन जतन करताना त्याच्या क्रमांकाचा व मूळ नोंदणीचा पुरावा सोबत ठेवणे महत्त्वाचे असते. अन्यथा ते दुसऱ्या मोटारीत बसवताना नोंदणी पुस्तकात बदल करून घेण्यास अडचण येते. चासी क्रमांकाचा तुकडा दुसऱ्या वाहनावर जोडणे बेकायदेशीर आहे. बॅटरी व वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच द्यावे लागते.

हेही पहा

• प्रीमियर पद्मिनी
• वालचंद हिराचंद
• मिरजोळे