नरनाळ्याची वाट आणि वऱ्हाडचें गोडें पाणी

सुट्टी लागली कीं अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबें चिखलदऱ्यास जातात. इ. स. १८२३ मध्यें कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस तें पठार पडलें आणि पुढें त्याची कीर्ति वाढतच गेली. आतां सुट्टीच्या दिवसांत तेथें इतकी दाटी होते कीं, ज्या शांततेसाठीं जावें तीच हरवते. परंतु सातपुड्याच्या त्याच रांगेंत, अकोटच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर नरनाळा किल्ला उभा आहे. तिकडे फारच थोडीं पावलें वळतात. विद्यार्थिमित्रहो, डोळे उघडे ठेवून ही वाट चालल्यास आपल्या गांवचें पाणी गोड कां किंवा खारट कां, या प्रश्नाचें उत्तर आपणांस वाटेवरच मिळेल.

अकोटहून निघालें म्हणजे प्रथम कपाशीची काळी, सपाट जमीन लागते. पोपटखेडाच्या पुढें ती सरते व गोटे, वाळू आणि मुरूम दिसूं लागतात. पावसाळ्यांत डोंगरावरून धांवत येणारे ओढे हा दगडगोटा पायथ्याशीं टाकतात. अशा सच्छिद्र थरांत पाणी सहज मुरतें व जमिनीखालीं सांठतें. म्हणून डोंगरालगतच्या पट्ट्यांत विहिरींना गोडें पाणी लागतें. संत्र्यांच्या बागा व अंजनगांवाकडील पानपिंपळीचे मळे याच पाण्यावर पोसलेले आहेत.

याच्या दक्षिणेस पूर्णेच्या खोऱ्यांत मात्र चिकण गाळाचे जाड थर आहेत. तेथें भूगर्भांतील पाण्यांत क्षार सांठून राहिले आहेत. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या प्रदेशास खारपाण पट्टा म्हणतात. दारांत विहीर असून घोटभर पाणी पितां येऊं नये, हें दुःख तेथील माताभगिनींनीं पिढ्यान्‌पिढ्या सोसलें आहे. आज शहानूर नदीवरील धरणाचें पाणी अंजनगांव व दर्यापूर भागांतील, आणि वान नदीवरील धरणाचें पाणी अकोट व तेल्हारा भागांतील गांवांना नळांनीं पुरविलें जातें. म्हणजे खारपाण पट्ट्यांतील माठ भरतो तो याच डोंगराच्या कृपेनें!

पायथ्याशीं शहानूर गांव आहे. तेथून सागवानाच्या वनांतून वाट गडावर जाते. गडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ९७० मीटर असून पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड हे त्याचे जोडकिल्ले आहेत. बहामनी सुलतान अहमदशहा यानें इ. स. १४२५ च्या सुमारास गाविलगड बांधविला व नरनाळ्याची डागडुजी केली, असें फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. इ. स. १४८७ मधील महाकाली दरवाजा ही गडाची खरी शोभा होय. काळ्या कातळाच्या डोंगरांत पांढऱ्या वालुकाश्माचा हा दरवाजा, त्यावरील कमळें व अक्षरलेख पाहून मन थक्क होतें. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारास, म्हणजे जिल्ह्यास, नरनाळ्याचेंच नांव होतें.

परंतु एवढ्या उंचीवर फौज जगली कशी? पावसाचें पाणी अडवून! गडावर २२ तलाव होते असें सांगतात. शक्कर तलाव त्यांपैकींच एक. आकाशांतून पडलेला थेंब उतारावर निसटूं द्यावयाचा नाहीं, हें शास्त्र त्या कारागिरांस उत्तम अवगत होतें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या आपणांस हा धडा जुना म्हणतां येईल काय?

या रांगेचा आणखी एक चमत्कार नकाशावर पाहावा. उत्तरेकडील उतारावर पडलेलें पाणी सिपना, गडगा या नद्यांतून तापीस मिळतें; दक्षिणेकडील पाणी शहानूर, चंद्रभागा यांतून पूर्णेस जातें. पुढें चांगदेव येथें पूर्णाही तापीस मिळते. डोंगरमाथ्यावर विलग झालेलीं भावंडें अशा रीतीनें शेंकडों किलोमीटरांचा प्रवास करून पुन्हां भेटतात.

मात्र एक गोष्ट पालकांनीं व मुलांनीं ध्यानांत ठेवावी. नरनाळा हें अभयारण्य असून मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पांत मोडतें. म्हणून वनखात्याची परवानगी अगोदर घ्यावी. पायीं कोठवर चालावें हें वनरक्षक सांगतील. त्यापुढें एक पाऊलही टाकूं नये. हिवाळ्याचे दिवस उत्तम. वाटाड्या बरोबर असावा, पाणी व शिदोरी घरून न्यावी, आणि सूर्य मावळण्यापूर्वीं खालीं उतरावें. भिंतींवर नांवें कोरूं नयेत. कागद वा बाटली टाकूं नये, कारण येथें टाकलेली घाण ओढ्याबरोबर वाहत जाऊन कोणाच्या तरी माठांत उतरणार आहे.

घरीं परतल्यावर पेलाभर पाणी प्यावें आणि तें कोणत्या डोंगरावरून, कोणत्या नदीनें आलें, याची चौकशी वडील माणसांकडे करावी. त्या प्रश्नाचें उत्तर ज्यास देतां आलें, त्याची सहल सार्थकीं लागली असें समजावें.